जिला आपण काच म्हणतो

गेल्या श्रावणात वरच्या मजल्यावरचा मुलगा आजोबांचं घड्याळ घेऊन माझ्याकडे आला. तो नागपूरचा, इथे बेंगळुरूत एचएसआर लेआउटमध्येच एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. खिशातून रुमालाची घडी काढली, घड्याळ माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "काकू, चालतंय मस्त. तारीखही रात्री आपोआप बदलते. पण महिना तीस दिवसांचा असला की पंचाईत. चावी एक टप्पा ओढून फिरवली, तर आत नुसतं कर्रकर्र वाजतं, तारीख हलत नाही. दुकानात दाखवलं. ते म्हणाले, आत प्लास्टिकचं चाक आहे, पन्नास वर्षांचं प्लास्टिक कुठे टिकतं? शोकेसमध्ये ठेवून द्या."

घड्याळ 1970 च्या आसपासचं, जपानी, ऑटोमॅटिक. आजोबांच्या धाकट्या भावाने कुवेतहून आणलेलं. मी ते बाल्कनीतल्या टेबलावर पांढऱ्या कागदावर उघडलं. काटे काढले, तबकडी उचलली, तारखेची चकती बाजूला केली. खाली तुरीच्या डाळीएवढं, दुधी रंगाचं चाक दिसलं. भिंगाखाली धरलं, तर मधल्या भोकापासून दोन दातांमधल्या खाचेपर्यंत एक चीर, केसासारखी सरळ. बाकी सगळे दात जसेच्या तसे होते, कडासुद्धा शाबूत. झिजलेला एकही नाही.

त्या मुलाला मी भिंग दिलं आणि म्हटलं, नीट बघ. हे चाक म्हातारं होऊन गेलेलं नाही. कामाने मेलं असतं तर दात झिजले असते. हे मधून फाटलंय.

मी सव्वीस वर्षं बोम्मसंद्र्यात प्लास्टिकचे सुटे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काढली. विजेचे मीटर, स्विचेस, शिलाई मशीनची चाकं असले भाग आम्ही करत होतो. परत आलेल्या मालाची तुटलेली टोकं भिंगाखाली बघणं हे माझं रोजचं काम. म्हणून 'प्लास्टिक आहे, टिकणार नाही' हे वाक्य ऐकलं की मला खरंच त्रास होतो. या एका वाक्यापायी किती घरांतली चांगली चालती घड्याळं कपाटात गेली, भंगारात गेली. प्लास्टिक ही एक वस्तूच नाही. लोखंड आणि सोनं यांत जितका फरक, तितका दोन प्लास्टिकांत असू शकतो. आणि तेच प्लास्टिक एका जागी शंभर वर्षं राहतं, दुसऱ्या जागी वीस वर्षांत तडकतं.

त्या चाकाचा एक कण सुईच्या टोकावर घेऊन मी मेणबत्तीवर धरला. केस जळाल्यासारखा वास आला. म्हणजे नायलॉन. अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सने 1935 मध्ये नायलॉन शोधलं. आधी त्याचे ब्रशचे तंतू झाले, मोजे झाले, मग छोटी गिअरं. ते हलकं, गोंगाट न करणारं, फारसं तेलही न मागणारं. घड्याळवाल्यांना ते आवडलं, ते उगाच नाही. पण नायलॉनला एक सवय आहे: ते हवेतलं पाणी पितं. साधारण हवेत ते वजनाच्या दोन-अडीच टक्के पाणी धरून असतं आणि त्या पाण्यानेच ते चिवट राहतं. आमच्याकडे साच्यातून निघालेले नायलॉनचे भाग आम्ही मोठ्या पातेल्यात पाण्यात उकळत असू. नवीन मुलांना वाटे, धुतोय. धुणं नव्हतं ते. कोरडा भाग ठिसूळ असतो, त्याला पाणी पाजून मग पुढे पाठवायचं.

आता हे चाक बघा. ते एका पोलादी आसावर घट्ट दाबून बसवलेलं. म्हणजे कारखान्यातून निघाल्या दिवसापासून ते आतून ताणलेलं होतं. घड्याळ हातात असो की पेटीत, ताण चालूच. त्यात हे घड्याळ बरीच वर्षं नागपुरात लोखंडी कपाटात होतं. नागपूरचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला कोरडं म्हणजे काय ते सांगायला नको. नायलॉन सुकलं की आकसतं. आस मात्र तेवढाच राहतो. चाकाला आकसायला जागा नाही, ताण वाढत जातो आणि एके दिवशी सगळ्यात अशक्त जागी, दोन दातांमधल्या खाचेत, ते फाटतं. त्या दिवशी कुणी घड्याळाला हातही लावलेला नसेल.

दुसरं कारण माणसाच्या हातचं. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या सुमारास घड्याळाचं स्वतःचं यंत्र तारीख ढकलायच्या तयारीत असतं. त्या वेळात आपण चावीने तारीख बदलायला गेलो, तर दोन बाजूंनी जोर येतो आणि तो त्या छोट्या चाकावर पडतो. ज्यांच्या घरी तारखेचं जुनं घड्याळ आहे त्यांनी एवढं पाळावं: काटे सहाच्या आसपास आणावेत, मग तारीख बदलावी.

या चाकाचं पुढे काय केलं ते सांगते. बाजारात धातूची तयार चाकं मिळतात, मी ती घेतली नाहीत. धातू तडकणार नाही हे खरं, पण चुकीच्या वेळी दिलेला जोर मग पुढच्या भागावर जातो आणि तिथे मोडलेलं महाग पडतं. पीण्यात छोटी गिअरं कापणारे माझे एक जुने सहकारी आहेत. त्यांनी ॲसिटलच्या कांडीतून एक चाक कापून दिलं. ॲसिटल नायलॉनच्या नंतरचं. ड्युपाँने 1960 मध्ये ते डेल्रिन या नावाने बाजारात आणलं. ते पाणी फारच कमी पितं, म्हणून माप धरून राहतं. मी एवढंच सांगितलं होतं की भोक घट्ट नको, आसावर अलगद बसेल इतपत ठेवा. जुन्या चाकात वाईट माल नव्हता. त्याला बसवण्याची तऱ्हा वाईट होती.

एचएसआर हे नाव होसूर-सर्जापूर रोडवरून आलंय, हे इथे राहणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मला या नावाचं अप्रूप वाटतं, कारण भारतातल्या मनगटी घड्याळाची दोन मोठी घरं या शहराच्या दोन टोकांना आहेत आणि आम्ही त्यांच्या मधे राहतो. उत्तरेला जालहळ्ळी. 1953 साली स्थापन झालेल्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बेंगळुरूत घड्याळांचा कारखाना काढला आणि चावीच्या घड्याळांची पहिली तुकडी पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. दक्षिणेला, तमिळनाडूची हद्द ओलांडली की होसूर. टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या टिडकोने 1984 मध्ये उभारलेल्या टायटनचा कारखाना तिथला. एकीकडे चावी, दुसरीकडे क्वार्ट्झ. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं ठरवलं. जालहळ्ळीला आता कंपनीचं संग्रहालय आहे. मी तिथे दोनदा गेले. काचेच्या कपाटात रांगेने लावलेली 'जनता' घड्याळं बघताना गळा दाटून आला, कारण तसलंच एक घड्याळ माझ्या घरी आहे.

त्या घड्याळाकडे येतेच. त्याआधी घड्याळातल्या दोन जुन्या प्लास्टिकांबद्दल सांगायचं आहे.

पहिलं लाख. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळात पॅलेट नावाचा एक छोटा काटा असतो. टिकटिक होते ती त्याच्यामुळे. त्याच्या दोन टोकांना माणकाचे दोन इवले तुकडे बसवलेले असतात आणि ते धरून ठेवते लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे जी करतात तीच, बांगड्यांची लाख. गरम केली की मऊ, थंड झाली की घट्ट: प्लास्टिकची व्याख्या करायची तर ती आधी लाखेची करावी लागेल. घड्याळातलं सगळ्यात जुनं प्लास्टिक हेच. शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळांत ती अजून माणकं धरून बसली आहे. मी उघडलेल्या घड्याळांत लाख सुटलेली फार थोडी, आणि जिथे सुटली तिथे बहुतेक वेळा कुणीतरी पॅलेट स्पिरिटमध्ये धुतलेलं होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला हे माहीत असतं.

दुसरं कापराच्या वासाचं. बेळगावच्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी तिच्या पणजोबांचं घड्याळ आहे. पणजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले होते. घड्याळ चांदीच्या डबीचं, काट्यांच्या जागी दोन तांबूस रेघा आणि वर पिवळीजर्द, आक्रसून एका बाजूने सुटलेली 'काच'. तिने ती मला दाखवली तेव्हा मी अंगठ्याने जरा घासली आणि नाकाशी नेली. आरतीच्या तबकाचा वास आला. मंद, पण ओळखू येणारा.

ते सेल्युलॉइड होतं. 1870 च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने कापसापासून केलेल्या नायट्रेटमध्ये कापूर मळून ते व्यापारी प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. कापूर घातला की ते नायट्रेट कणकेसारखं मऊ होतं, हवा तो आकार घेतं. त्याचे कंगवे झाले, बाहुल्या झाल्या; टेबल टेनिसचे चेंडू तर 2014 पर्यंत त्याचेच होते. खंदकात लढणाऱ्या शिपायाच्या मनगटावर खरी काच फुटायची आणि तुकडे लागायचे, म्हणून घड्याळांना 'न फुटणारी काच' म्हणून सेल्युलॉइड बसवलं गेलं. फुटत नसे, हे खरंच होतं.

पण देवघरातल्या डबीतल्या कापराचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. झाकण सैल असलं की वडी दिवसागणिक लहान होते. सेल्युलॉइडमधला कापूरही तसाच उडतो. वर्षानुवर्षं, थोडा थोडा. कापूर गेला की काच आकसते, ठिसूळ होते, कवचातून सुटते. आणि मागे राहिलेलं नायट्रेट हळूहळू कुजतं. त्यातून नायट्रोजनचे वायू निघतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं. घड्याळाच्या बंद डबीत ते जाणार कुठे? पोलादी काटे तिथेच असतात. मैत्रिणीच्या पणजोबांच्या घड्याळाचे काटे पाण्याने गंजले नव्हते. डोक्यावरच्या काचेने त्यांना खाल्लं होतं.

हेच नायट्रेट जुन्या सिनेमाच्या फिल्मचं. दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' ज्या फिल्मवर चित्रित झाला ती याच जातीची. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या सुरुवातीच्या सिनेमाच्या किती रिळांची राख झाली. नायट्रेट कसं जळतं आणि जळायच्या आधी कसं कुजतं, हे मराठी माणसाने तेव्हा पाहिलं आहे. घड्याळाची काच आकाराने रुपयाच्या नाण्याएवढी. कुजण्याची रीत तीच. म्हणून हे एकच जुनं प्लास्टिक असं आहे की ते मी बेधडक काढायला सांगते. कापराचा वास आला, रंग पिवळा-तपकिरी दिसला, तर ती काच घड्याळावर ठेवू नका. ठेवायचीच असेल तर वेगळ्या कागदी पाकिटात, हवा लागेल अशी ठेवा. मैत्रिणीने तशीच ठेवली आहे. तिच्या पाकिटावर पणजोबांचं नाव आणि पलटणीचा नंबर लिहिलेला आहे.

बेकेलाइटबद्दल थोडक्यात. 1907 मध्ये लिओ बेकलंडने केलेलं हे प्लास्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. विजेच्या जुन्या काळ्या बटणांमुळे आपल्याला ते ओळखीचं. रोलेक्सने 1955 च्या सुमारास वैमानिकांसाठी जीएमटी-मास्टर काढलं, त्याच्या भोवतीच्या आकड्यांच्या कड्याला आजही सगळे बेकेलाइटच म्हणतात. ते सुंदर दिसे, पण त्याला तडे जात, म्हणून लवकरच त्याच्या जागी ॲल्युमिनियम आलं. पातळ कडं, त्याला धक्के आणि ऊन. कुठल्याही ठिसूळ वस्तूला ही जागा वाईटच.

आता काच. मराठीत आपण घड्याळाच्या वरच्या पारदर्शक झाकणाला काचच म्हणतो, मग ती कशाचीही असो. आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या बहुतेक चावीच्या घड्याळांवर ती काच नव्हतीच. ते ॲक्रिलिक. 1930 च्या दशकात जर्मनीत प्लेक्सिग्लास आणि इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स या नावांनी आलेलं. सेल्युलॉइडच्या हे अगदी उलट: त्यात उडून जाणारा कापूर नाही, कुजणारं नायट्रेट नाही, उन्हाने ते सहसा पिवळंही पडत नाही. ओरखडे मात्र लगेच पडतात. खनिजांच्या काठिण्याच्या मापावर नीलमणी काच नऊवर, हे जेमतेम तीनवर. पण मऊ असल्यामुळेच ओरखडा घासून काढता येतो. पांढऱ्या टूथपेस्टचा एक ठिपका, सुती कापड, दहा मिनिटं गोल गोल. चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरवर हीच काच होती. नासाने 1965 मध्ये ते घड्याळ मोहिमांसाठी पात्र ठरवलं. ॲक्रिलिक तडकलं तरी खऱ्या काचेसारखा भुगा होऊन उडत नाही, आणि यानात तरंगणारे काचेचे कण कुणालाच नको असतात.

ही काच बसवण्याची पद्धत मला फार आवडते. काच कवचाच्या खाचेपेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटर मोठी असते. घड्याळवाला पंजासारख्या हत्याराने ती सगळीकडून एकाच वेळी आवळतो, घुमट वर उचलला जातो, घेर कमी होतो. तेवढ्यात ती खाचेत ठेवायची आणि पंजा सोडायचा. काच पसरून बसते. ना गोंद, ना स्क्रू. आयुष्यभर ती कवचाच्या कुशीत दाबलेली राहते. नागपूरच्या घड्याळातलं चाक आतून ताणलेलं होतं. ही काच बाहेरून दाबलेली. आतून ताणलं की चीर पडते, बाहेरून दाबलं की चीर पडायला जागाच मिळत नाही. याचा पुरावा त्याच काळातल्या दुसऱ्या जातीच्या काचांत मिळतो. त्यांच्या आत चमकणारी धातूची कडी घातलेली असते, ती काचेला आतून बाहेर ढकलून धरते. अशा काचा भिंगाखाली बघा. माल तोच, ॲक्रिलिक. पण कडीला लागून उभ्या बारीक चिरा.

माझे बाबा मिरजेला शाळेत शिक्षक होते. त्यांची एचएमटी जनता 1974 ची, बाहेरून दाबलेल्या काचेची. ते रोज सकाळी सातच्या बातम्यांना चावी देत. काचेवर चारच्या आकड्यापाशी एक खोल खळी होती, सायकलवरून पडले तेव्हाची. ते गेल्यावर घड्याळ आईबरोबर इथे माझ्याकडे आलं.

2020 च्या एप्रिलमध्ये मी त्या काचेचा घात केला. तेव्हा करोनाच्या भीतीने आपण सगळेच सगळं पुसत होतो: भाजी, पिशव्या, दाराच्या कड्या. एक दिवस मी घड्याळही सॅनिटायझरने पुसलं. जाड थर लावला, वाळू दिला. दुसऱ्या दिवशी उन्हात धरलं, तर काठाने आतल्या बाजूला चांदीच्या तारांसारख्या शेकडो बारीक रेघा चमकत होत्या. सॅनिटायझरमधलं सत्तर टक्के अल्कोहोल ॲक्रिलिकच्या ताण असलेल्या जागी शिरतं आणि तिथे सूक्ष्म भेगा उघडतात. काच दाबलेली असली तरी घुमट जिथे वळतो तिथे थोडा ताण असतोच. कारखान्यात मी याच गोष्टीसाठी कितीतरी माल नापास केला होता. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी ते केलं. फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

म्हणून ज्यांच्या घरी अशी घड्याळं आहेत त्यांना हात जोडून सांगते. स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, थिनर काचेजवळ नेऊ नका. किंचित ओलं सुती कापड पुरे. अगरा तळ्याच्या बाजूला राहणारे आम्ही संध्याकाळी डासांसाठी मलम लावतो; त्यात डीट असेल तर तेही ॲक्रिलिकला मऊ करतं, आधी हात पुसा, मग घड्याळ बांधा. दुकानातून मिळणाऱ्या मऊ, पारदर्शक पीव्हीसीच्या पाऊचमध्ये घड्याळ ठेवू नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक रसायन घातलेलं असतं, ते बाहेर झिरपतं आणि काचेला चिकटतं. जुने पीव्हीसीचे पट्टे चिकट होतात तेही त्यामुळेच. रेशमी साड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांबरोबरही नको, त्यांच्या वाफांनी काही प्लास्टिकं मऊ पडतात. कागदाचं पाकीट किंवा जुन्या धोतराचा तुकडा, आणि लाकडी खण. सिलिका जेलच्या पुड्या धातूला चांगल्या, पण आत नायलॉनची चाकं असतील तर वर्षानुवर्षं घालून ठेवू नका.

युरेथेनचे पट्टे आणि कवचं यांना मात्र काहीच उपाय नाही. जुन्या डिजिटल घड्याळांचं रबरासारखं आवरण हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातं आणि वीस-पंचवीस वर्षांत हातात भाकरीच्या पापुद्र्यासारखं येतं. कोकणात आणखी लवकर. वापरा, संपवा, नवीन बसवा.

प्लास्टिकवर पूर्ण भरवसा टाकणारेही होऊन गेले. टिसोने 1971 मध्ये ॲस्ट्रोलॉन नावाचं घड्याळ काढलं. मशीनच प्लास्टिकचं, जेमतेम 52 भाग, तेलाची गरज नाही. लोकांनी ते स्वीकारलं नाही आणि थोड्याच वर्षांत क्वार्ट्झने सगळाच बाजार फिरवला. 1 मार्च 1983 ला स्वॉच आलं, 51 भागांचं, कवच वेल्डिंगने कायमचं बंद. सेलशिवाय आतलं काही दुरुस्त करायचंच नाही असं ठरवून केलेलं. ते मला मनापासून पटत नाही. पण ओमेगाच्या 861 मशीनमध्ये स्टॉपवॉचचा ब्रेक डेल्रिनचा असतो, त्याला शौकीन मंडळी नाक मुरडतात, आणि तो ब्रेक आपला पोलादाला न ओरबाडता पन्नास वर्षं काम करतोय. लेमानिया 5100 मध्येही प्लास्टिकचे भाग आहेत. ते मशीन जर्मन हवाईदलाच्या वैमानिकांच्या मनगटावर होतं. ज्याने त्या जागी ते प्लास्टिक निवडलं त्याला त्याचा माल कळत होता.

बाबांच्या घड्याळाला मी चिकपेटेतून नवी ॲक्रिलिकची काच आणून बसवली. जुनी कागदात गुंडाळून, तारीख घालून ठेवली. आईला काही सांगितलं नाही. चार दिवसांनी तिने घड्याळ हातात घेतलं, अंगठा चारच्या आकड्यावर फिरवला आणि विचारलं, "खळी कुठे गेली?"

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तीच बसव. मला दिसतं त्यातून."

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन 1999 मध्ये मिरजेत झालं. डोळ्यात तेव्हा जी भिंगं बसवत ती पर्स्पेक्सच्याच मालाची, सहा मिलिमीटरच्या आसपासची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पर्स्पेक्सच्या छताचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले आणि डोळ्याने ते निमूटपणे सोसले, हे लंडनच्या हॅरल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं. 29 नोव्हेंबर 1949 ला त्यांनी तसलं पहिलं भिंग माणसाच्या डोळ्यात ठेवलं. आईच्या डोळ्यातलं पाव शतक झालं तरी स्वच्छ आहे. तिथे ऊन नाही, स्पिरिट नाही, कुणी ताणत नाही.

जुनी काच मी परत बसवली. पंज्याने आवळताना हात थरथरत होता, कारण भेगा पडलेलं ॲक्रिलिक आवळताना तुटू शकतं. नाही तुटलं. आता सकाळी सातला आई चावी देते, घड्याळ खिडकीकडे तिरकं धरते. काठाच्या चांदीच्या रेघा चमकतात, खळीच्या मागे चारचा आकडा थोडा वाकडा दिसतो. ती वेळ वाचते आणि घड्याळ मांडीवरच्या रुमालावर ठेवते.